गाडीत मिसिंग आहे

ओम्नी गाडीचं इंजिन कुठे असतं, असं विचारलं तर निम्मी माणसं चुकतात. पुढे बोनेट शोधतात, नाहीतर मागे डिकीपाशी जातात. ते असतं माणसाच्या बुडाखाली. ड्रायव्हरशेजारची सीट उलटवली की खाली ते काळं, तेलकट धूड पडलेलं दिसतं. म्हणजे त्या सीटवर जो बसतो तो इंजिनावरच बसलेला असतो. उन्हाळ्यात नको होतं, थंडीत बरं वाटतं. करंजाड्याच्या जुन्या गावठाणात हौसाबाई संध्याकाळची त्या सीटवर जाऊन बसायला लागली, तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही ते एवढ्यासाठीच. थंडीचे दिवस होते. म्हातारीचे गुडघे धरतात, बसू दे उबेला, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

सगळे म्हणजे तरी कोण? थोरला मुलगा दीपेश आणि त्याची बायको भाविका. नवरा काशीराम जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि धाकटा प्रणित, तो घरात नव्हता.

दीपेश तळोज्याच्या एका कंपनीत मीटर आणि काटे सांभाळायच्या कामावर. काटा जिथे असायला हवा तिथे नसेल, तर का नाही ते शोधायचं. घरीही तोच स्वभाव. बल्ब गेला तर दुसरा माणूस नवा बल्ब लावतो, हा आधी होल्डरला मीटर लावणार. "मला ताप आला तर डॉक्टर नको, तुमचा मीटरच लावा," असं भाविका चिडवायची. गावदेवीला नारळ फोडायचा, नाही असं नाही. पण भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हा पाणी प्यायला म्हणून उठायचा तो परत यायचा नाही.

प्रणित अगदी उलट. बेंजो पार्टीत ढोल वाजवायचा आणि हळदीच्या मांडवांची सजावट करायचा. त्याच्या हातांना गप्प बसणं माहीत नव्हतं. जेवताना ताट वाजवेल, बोलताना तुमची पाठ वाजवेल. कामावरून घरी आला की दार उघडं असलं तरी सरळ आत यायचा नाही. खिडकीच्या गजावर किल्लीने दोनदा ठोकायचा. टक टक. मग थांबायचा. आत हौसाबाईने हातात जे असेल ते आपटून तिसरा ठोका द्यायचा. पळी असो, विळी असो, काहीच नसलं तर सांधेदुखीसाठी बोटात घातलेलं तांब्याचं वेढं. तो तिसरा ठोका ऐकला की हा हसत आत. नाही ऐकला तर दारातच उभा. लहानपणापासूनचा खेळ होता. मुलगा घोड्याएवढा झाला तरी दोघांनी तो सोडला नव्हता. दीपेशला या सगळ्याचा वैताग यायचा. "अरे, ये ना आत, काय पोरखेळ लावलाय," असं तो ओरडायचा. त्यावर प्रणित बाहेरून म्हणायचा, "आईनं अजून बोलावलं नाय."

गेल्याच्या गेल्या लग्नसराईत बेलपाड्याच्या एका हळदीचा मांडव सोडवून प्रणित सकाळी ओम्नी घेऊन एकटाच निघाला, तो घरी पोचला नाही. गाडी दुपारी सापडली. खाडीच्या बांधावर, जुन्या मिठागरापाशी. ही मिठागरं एके काळी यांच्याच आज्याची. आता निम्मी भरावाखाली गेली आहेत. त्या वाटेने घरी यायचं काही कारण नव्हतं. किल्ली जागेवर, शेजारची सीट उलटवलेली, प्लगपाना इंजिनावर ठेवलेला, आणि दाराशी त्याच्या चपला नीट जोडून काढलेल्या. देवळात जाताना काढतो तशा. प्रणित नव्हता. खाडीत होड्या फिरल्या, दवाखाने झाले, नातेवाईक झाले. काही हाती लागलं नाही.

चौकीत जमादाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सध्या मिसिंग म्हणून नोंद घेतो."

बाहेर पायरीवर बसलेल्या हौसाबाईने दीपेशला विचारलं, "मिसिंग म्हंजे काय रं?"

त्याला सुचलं ते तो बोलून गेला. "म्हंजे हाय, आये. पन सापडत नाय."

तेवढा एक शब्द म्हातारीने पदरात बांधला. कुणी बाई कणव दाखवत जवळ आली, डोळे पुसायला लागली, की ही तिला फटकारायची. "रडतेस कशाला? पोर गेला नाय माझा. मिसिंग हाय." जणू एखाद्या हुद्द्याचं नाव सांगावं, तसं. इंग्रजी म्हणून तिला तेवढाच शब्द येत होता, आणि त्याचा अर्थ दीपेशने लावून दिला होता.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. या थंडीत हौसाबाईचे गुडघे फारच धरले, बाईकवर तिला बसवेना, तेव्हा दीपेशने गाडी काढली. बॅटरी नवी घातली, शिळं पेट्रोल उपसून ताजं भरलं, सेल्फ मारला. खोकत खोकत गाडी सुरू झाली. पण उभ्या उभ्या नीट चालेना. बरी चालायची, मग दोन गचके खायची, टक टक, आणि आता बंद पडते की काय अशी खाली जायची. कधी सावरायची, कधी बंदच पडायची.

भाविका तुळशीपाशी उभी होती. तिने विचारलं, "काय झालं हो हिला?"

"काही नाही," दीपेश आतूनच ओरडला. "गाडीत मिसिंग आहे."

आता हे गॅरेजचं बोलणं आहे. एखादा प्लग वेळेवर ठिणगी देत नाही, इंजिन मधला एक ठोका चुकतं, त्याला सगळा पनवेल तालुका मिसिंगच म्हणतो. यात चुकीचं काहीच नव्हतं. पण ओट्यावर जवळा निवडत बसलेल्या हौसाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. जवळा सगळा मातीत. गुडघ्यांचं नाव न घेता ती उठली आणि गाडीपाशी आली.

"काय म्हनलास? गाडीत काय हाय?"

"मिसिंग, आये," दीपेशने लक्ष न देता सांगितलं. पुढच्या क्षणी त्याची जीभ चावली गेली. "तसं नाय ग. इंजिनाचा रोग हाय तो."

तिला ते ऐकूच गेलं नाही. ती सीटवर चढून बसली, पदर सावरला. इंजिनाने दोन गचके खाल्ले. टक टक. आणि खाली जायला लागलं. हौसाबाईने वेढ्याचं बोट उचलून समोरच्या पत्र्यावर एकदाच मारलं. टिंग.

गाडी सावरली.

म्हातारीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून भाविकाने तोंड फिरवलं. दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं तसं हसू.

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. दीपेश कामावरून आला, चहा झाला, की "चालू कर ना जरा." हा गाडी चालू करून द्यायचा आणि ती बसायची. गाडी दोनदा ठोकायची, ती एकदा. मधे मधे बोलायची. आज बोंबलाचं कालवण केलंय. तुझा तो ढोल उंदरांनी कुरतडला रं. दिवे लागले की उतरायची आणि गुपचूप जेवायची. खोटं कशाला बोला, दीपेशलाही बरंच वाटत होतं. दोन वर्षं घरात जे घास गिळणं चाललं होतं, त्याला पुन्हा जेवणाची कळा आली.

पण याचा स्वभाव गप्प बसू देईल तर शपथ. एके दिवशी त्याने सहज म्हणून बघितलं. आई आत असताना गाडी एकट्यानेच चालू ठेवली. दोन ठोके आले, आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली. दोन ठोके, बंद. पुन्हा. तेच. त्याने आईचं बघून स्वतः पत्र्यावर बोट मारलं. बंद. किल्ली मारून बघितली, प्लगपाना मारून बघितला. बंद. मग हौसाबाई येऊन बसली, तिने टिंग केलं, आणि गाडी चालत राहिली. एकदाही बंद पडली नाही.

कुठेतरी वायर ढिली असणार, तो मनाशी म्हणाला. आईच्या वजनाने सीट दबते, वायर नीट बसते. कारण सापडलं म्हणून त्याला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी आईच्या जागी त्याने तिच्या वजनाचं तांदळाचं पोतं ठेवून पाहिलं. दोन ठोके, आणि बंद.

मग तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला. पुढे आई बसलेली. तिला हा दिसत नव्हता. हातावर गरम वाफारा एकसारखा येत होता. मग दोन जोराचे धक्के. मग काहीच नाही, हात गार. आणि पुढून बारीकसं टिंग आलं, त्याच क्षणी तळहातावर तिसरा धक्का बसला. पहिल्या दोन्हींपेक्षा हलका होता तो. गरमही नव्हता. कुणी आपली टाळी घ्यावी तसा तो लागला.

दीपेशने हात मागे घेतला आणि पँटला पुसला. हे त्याने भाविकाला सांगितलं नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही.

पुढे मग हौसाबाईला खोकला लागला. आधी थोडा, मग छाती भरून यायला लागली. डॉक्टरने तपासून विचारलं, "चुलीवर करता का अजून? धूर फार गेलाय आत." भाविकाने दीपेशकडे बघितलं. घरी अंगणात आल्यावर तिने त्याला दारातच धरलं.

"अहो, एकदाचं काढून टाका ना ते मिसिंग. त्या आवाजासाठीच बसतात त्या. धूर खातात बसून. काल ताटसुद्धा गाडीत मागवलं. दोन ताटं, माहितीये? दोन."

"ऐकायची नाही ती."

"त्यांना विचारतंय कोण? आवाज गेला की आपोआप उठतील. नाहीतर तुमची आई त्या गाडीतच संपेल एक दिवस, सांगून ठेवते."

यात तिचं काय चुकलं? दीपेशला आई हवी होती. जिवंत, घरात, पानावर बसलेली. तो पनवेलला शाहीदच्या दुकानात गेला आणि प्लगचा नवा सेट मागितला. शाहीदचं स्पेअरचं दुकान जुनं, त्याच्या अब्बांपासूनचं. प्रणितही तिथेच यायचा.

"ओम्नीला?" शाहीदने खोका काढता काढता विचारलं. "प्रणितचीच ना? तोही घेऊन गेलेला रे इथून, त्या हळदीच्या आधी. मी म्हटलं, तिन्ही बदल. म्हणाला, दोन चांगले आहेत, एकच रुसलाय. एकच घेतला." त्याने खोका पुढे सरकवला. "अल्ला त्याला जिथे असेल तिथे सुखरूप ठेवो. घरीच बसवणार? मग आधी हाताने फिरव, शेवटी पाना लाव. आटे तिरके गेले तर बसशील रडत."

रविवारी बेलपाड्याला भाविकाच्या आतेबहिणीच्या मुलीची हळद होती. भाविका सासूला बळेच घेऊन गेली. जाताना हौसाबाई रिक्षातून मागे वळून गाडीकडे बघत होती. "येतंय रं लगीच," ती म्हणाली. दीपेशला आधी वाटलं, आपल्याला म्हणतेय.

भर दुपारची वेळ. ऊन स्वच्छ. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीत कुणीतरी पापड वाळत घातले होते. दीपेशने अंगणात गोणपाट अंथरलं, पाना, पॉलिशपेपर, फडकी मांडली. बॅटरीची वायर काढून बाजूला केली. हा त्याचा कंपनीतला शिरस्ता, काम करताना करंट तोडायचाच. मग सीट उलटवली.

इंजिन गार होतं. पहिल्या प्लगची टोपी ओढून काढली, पाना बसवला, जोर लावला. कट्ट करून सुटला. प्लग बाहेर काढून बघितला तर टोक झिजून बोथट झालेलं, काजळी धरलेली. दुसरा तसाच. झिजलेले प्लग म्हणजे काय हे शिकवायला न्यावेत असे. दीपेशला बरं वाटलं. हेच कारण. एवढंच होतं. दोन्ही जागी त्याने नवे बसवून आवळले.

तिसऱ्याला पाना लावायची गरजच पडली नाही. तो नुसता हाताने बसवलेला होता. आवळलाच नव्हता.

त्याने दोन बोटांनी फिरवून तो काढला. नवा होता. टोकाची धार तशीच, कंपनीचा रंगही तसाच. शाहीदच्या दुकानातून आणलेला तो एकच. म्हणजे त्या सकाळी बांधावर प्रणितने हा प्लग हाताने फिरवला होता, आणि पाना लावायच्या आधीच काहीतरी झालं. कुणी हाक मारली असेल. कुणी दिसलं असेल.

प्लगवर पांढरं काहीतरी साचलं होतं. दाणेदार. कूलंट गळून जळलं की अशी राख धरते, त्याला माहीत होतं. त्याने ते अंगठ्याने खरवडलं. घाम आला म्हणून ओठ पुसला.

खारट.

घामच खारट असतो, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मग आपण एकट्यानेच बोललो म्हणून त्याला लाज वाटली.

तिसऱ्या भोकातून वास येत होता. पेट्रोलचा नव्हे. ओहोटीला खाडी उघडी पडते आणि चिखल उन्हात तापतो, तसा. लहानपणी ते दोघे भाऊ निवट्या मासे धरायला त्या चिखलात उतरायचे. घरी आले की आई दोघांना अंगणात उभं करून पाणी ओतायची, नाक दाबून. त्याच्या डोळ्यांसमोर ते एकदम आलं, आणि त्याला रडायलाच आलं. दोन वर्षं तो रडला नव्हता. धावपळच इतकी होती.

डोळे पुसून त्याने नवा प्लग उचलला आणि खाली वाकला.

टक टक.

तो तसाच राहिला.

गच्चीवर कुणीतरी असेल. बोअरचा पंप असेल. त्याने बॅटरीकडे बघितलं. वायर बाजूला पडलेली होती.

टक टक.

भोकातून येत होतं. अगदी खालून, लांबून, पण स्वच्छ. लोखंडावर किल्ली मारल्यासारखं. दोनच. आणि मग ते थांबलं.

थांबलं म्हणजे संपलं नव्हतं. कुणीतरी वाट बघत होतं. दीपेशला ते कळत होतं, आपल्यामागे माणूस येऊन उभा राहिला की पाठीला कळतं तसं.

त्याच्या हातात पाना होता. खाली इंजिन होतं. एकदा आपटायचं होतं. एकदाच.

आईने मारलं की चालतं, माझ्याने चालत नाही, असं त्याच्या मनात आलं. मग आलं, पण आज आई नाही, आणि तो आज मला ठोकतोय. मग आलं, मी उत्तर दिलं तर हे खरं होईल. मग रोज हेच. आई या सीटवर धूर खात मरेल आणि मी पाना घेऊन तिच्याशेजारी बसेन.

टक टक. या वेळी हळू.

दीपेशने नवा प्लग भोकात धरला. आधी हाताने फिरवला. शाहीदने सांगितलं होतं तसा. आटे सरळ गेले. मग पाना लावला आणि आवळला. होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला.

पुन्हा काही ऐकू आलं नाही.

बॅटरी जोडून सेल्फ मारला तेव्हा गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शिलाई मशीनसारखी चालायला लागली. गचका नाही, काही नाही. दीपेश बाजूला उभा राहून ऐकत होता. काम इतकं झकास झालं होतं, आणि त्याला वाटत होतं आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावून घेतलंय.

उन्हं उतरल्यावर दोघी परतल्या. हौसाबाई हळदीचा कपाळभर मळवट घेऊन सरळ गाडीकडे गेली. दीपेशने न सांगता गाडी चालू करून दिली. ती बसली. बोट उचलून धरलं. इंजिन एकसारखं चालत होतं. तिचं बोट तसंच वर. अंगणातला बल्ब लागला तरी तसंच. शेवटी तिने ते दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवलं, दुखऱ्या पोराला निजवावं तसं.

"मिसिंग गेलं?" तिने विचारलं.

"गेलं, आये."

"तू काढलंस?"

"व्हय."

"त्यानं ठोकलं आसंल ना रं?"

दीपेशने मान हलवली. "नाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. आईला काय लपतं? पण ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर कितीदा म्हणाला. ती नुसती म्हणाली, "दार लावून घेतल्यावर तो तरी किती येळ उभा राहील. गेला आसंल आता फिरून, तितंच." आणि उतरून घरात गेली.

रात्रभर दीपेशला झोप नाही. सकाळी कामाला दांडी मारून त्याने पुन्हा सीट उलटवली, नवा प्लग काढला, प्रणितचा प्लग होता तसा, मीठ न पुसता, नुसता हाताने बसवला. भोकाला कान लावून बसला. मग पाना आपटला. एकदा. पुन्हा. पुन्हा. भाविका दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. त्याने गाडी चालू केली. जुन्या प्लगवर ती तितकीच झकास चालली. तिला काही झालेलंच नव्हतं. प्लगला कधीच काही झालेलं नव्हतं. आता गचका आणायचा कुठून? बिघडवायचा म्हणून बिघडत नाही तसला तो बिघाड. शेवटी त्याने नवा प्लग परत घालून आवळला.

हौसाबाईचा खोकला थांबला. पानावर बसून जेवायला लागली, औषध मागून घ्यायला लागली. भाविकाला वाटलं, सुटलो. पण म्हातारी कुणाशी बोलेना. एकदा दीपेश जवळ जाऊन बसला, तिचे पाय चेपायला लागला, आणि मग त्याला राहवलं नाही. "आये, चुकलं माझं," तो म्हणाला. "त्यानं ठोकलं व्हतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुजं काय चुकलं? तुला तो ठोका येतच नाय. मलाच जाया पायजे व्हतं."

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी भाविका कपडे वाळत घालून आली, तर घरात सासू नव्हती. ओट्यावर नाही, शेजारी शशिकलाकाकूंकडे नाही. मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. पुढचं दार उघडं होतं. खाली मातीत हौसाबाईच्या चपला होत्या. नीट जोडून काढलेल्या.

पुन्हा होड्या फिरल्या. पुन्हा मिठागराचा बांध झाला, खाडी झाली, दवाखाने झाले. ज्या बाईला ओट्यावरून उतरताना हात द्यावा लागायचा, ती इतक्या लांब चालत गेली कशी, हे कुणालाच सांगता येईना. चौकीत जमादार दुसरा होता. त्याने सगळं ऐकलं, चष्मा लावला आणि म्हणाला, "मिसिंग म्हणून घेतो सध्या."

दीपेश घरी आला तो सरळ गाडीत जाऊन बसला. पळस्प्याच्या बाजूला एक म्हातारी दिसली असं कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. तिकडे बघून यायचं होतं. शेजारची सीट रिकामी होती. मऊ होऊन बसलेल्या रेक्झिनवर म्हातारीच्या बसण्याचा खळगा तेवढा होता. भाविका फाटक उघडायला पुढे झाली.

त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नवे प्लग, इंजिन एकसारखं.

मग गाडीने दोन गचके खाल्ले.

टक टक.

इंजिन खाली जायला लागलं. दीपेशचा हात आपोआप पत्र्याकडे गेला, आणि मधेच थांबला.

रिकाम्या सीटखालून, खोलातून, आवाज आला. टिंग.

गाडी सावरली.

भाविकाच्या हातात फाटकाची कडी तशीच राहिली होती. "अहो," ती कशीबशी म्हणाली. "अहो, बंद करा ती. बंद करा आधी."

दीपेशने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. समोर पेट्रोलचा काटा तळाला आला होता. सगळा जन्म काटे बघण्यात गेलेला माणूस तो. त्याने त्या काट्यावर फडकं टाकलं.